मदत हवी आहे: आशाताईंना पाठवलेला मराठी एसएमएस मध्येच तुटतो, काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी सातपुड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राची गटप्रवर्तक आहे. माझ्याकडे २२ आशाताई आहेत. १३ जणींशी व्हॉट्सअॅपवर बोलणं होतं, पण ९ जणींच्या पाड्यांवर नेटच नाही. आठवडी बाजाराला खाली उतरल्या की आठ दिवसांचे मेसेज त्यांच्या फोनवर एकदम पडतात. तोवर कामाची तारीख उलटून गेलेली असते. त्यातल्या चौघींकडे तर साधे बटणांचे फोन आहेत. एसएमएस मात्र पोचतो. टेकडीवर रेंजची एखादी कांडी आली तरी पोचतो, फोन बंद असला तर चालू केल्यावर येतो. म्हणून वर्षभरापासून या ९ जणींना सगळ्या सूचना मी एसएमएसनेच देते.

गेल्या महिन्यात मी रात्री हा मेसेज टाकला:

«बुधवारचे लसीकरण सत्र सिस्टर रजेवर असल्यामुळे वरच्या पाड्यावर होणार नाही»

बुधवारी दुसऱ्या कामाने तिकडे गेले, तर अंगणवाडीच्या ओट्यावर ११ आया लेकरं घेऊन बसलेल्या. काही जणी दीड तास चालून आल्या होत्या, मजुरी बुडवून. आशाताईंनी घरोघर जाऊन सगळ्यांना बोलावलं होतं. त्यांनी रबर बँड लावलेला जुना फोन माझ्यापुढे धरला. "ताई, तुम्हीच लिहिलंय ना?" स्क्रीनवर शेवटचा शब्द होता 'होणार'. फोनमध्ये जागा उरली नव्हती. त्यांनी माझ्यासमोर कंपनीचे पाच-सहा मेसेज पुसले आणि थोड्या वेळाने टुण्‌ वाजून वेगळा मेसेज आला: 'नाही'.

त्या आयांपुढे मला काय बोलावं ते सुचेना. आशाताईंची यात काहीच चूक नव्हती, आणि पुढच्या वेळी बोलावल्यावर लोकांनी त्यांच्यावर विश्वास का ठेवावा?

घरी भाच्याने समजावून सांगितलं. इंग्रजी अक्षरांतला एसएमएस १६० अक्षरांचा असतो, देवनागरीतला फक्त ७०. त्यापुढे गेला की त्याचे ६७-६७ चे तुकडे होतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'पाड्यावर' आपल्या लेखी चार अक्षरं, फोनच्या लेखी आठ. माझा मेसेज भरला ७१. एक जास्त! आणि ६७ वर तुटला तो नेमका 'नाही'च्या आधी. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे तुटलेल्या मेसेजचा अर्थ अपुरा राहत नाही, उलटा होतो. हे मला आधी कधी जाणवलंच नव्हतं.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पाहिलं. तिथे 'सत्र' आणि 'सतरा' एकसारखेच दिसतात. एका ताईंनी सत्राचा निरोप १७ तारखेचा समजून घेतला. ते बंद केलं.

आता नकार आणि वार पहिल्यांदा लिहिते. ग्रुप मेसेजच्या सेटिंगमध्ये एमएमएस (नेट लागणारा मेसेज) होतं, ते बदलून प्रत्येकीला वेगळा एसएमएस जाईल असं केलं. वाचून झाल्यावर एक मिस कॉल द्यायचा असं ठरवलंय, कारण डिलिव्हरी रिपोर्टवरून फोनपर्यंत पोचल्याचं कळतं, ताईंपर्यंत पोचल्याचं नाही. दोघींचा फोन नवऱ्याकडे असतो आणि तो दिवसभर कामावर.

अडचणी अशा आहेत. माझ्या रिचार्जमध्ये दिवसाला १०० एसएमएस आहेत आणि प्रत्येक तुकडा वेगळा मोजला जातो. मोहिमेच्या दिवसांत ९ जणींना तीन-तीन तुकड्यांचे चार मेसेज म्हणजे १०८. बल्क एसएमएस (एकदम अनेकांना मेसेज पाठवायची सेवा) घ्यायचा तर ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८ च्या नियमांप्रमाणे संस्थेची नोंदणी, मेसेजचा नमुना आधी मंजूर करून घेणं, हे सगळं आलं. ते माझ्या हातात नाही. आणि निरोप वेळेवर जाणं फार गरजेचं आहे. एमआर (गोवर-रुबेला) किंवा बीसीजी (क्षयरोग) लसीची वायल, म्हणजे छोटी बाटली, एकदा विरघळवली की चार तासांत वापरावी लागते, नंतर आलेल्या बाळासाठी ती चालत नाही.

कमी अक्षरांत, चुकीचा अर्थ न निघता निरोप कसा द्यावा? आणि भरलेल्या फोनचं काय करावं? डोंगरी भागात टीम सांभाळणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी केंद्रप्रमुख आहे, माझ्या आठ शाळांना नेट नाही. आम्ही नेहमीच्या सूचनांचा एक कागद केला आणि प्रत्येक सूचनेला नंबर दिला. कागद गुरुजींच्या टेबलावर चिकटवलेला असतो. मेसेजमध्ये फक्त नंबर, वार, वेळ. तुमच्या ताईंच्या आशा डायरीत पहिल्याच पानावर चिकटवता येईल. आणि एका मेसेजमध्ये एकच गोष्ट लिहा. दोन सूचना असतील तर दोन मेसेज करा, लांबवू नका.

प्रतिसाद २
जाहिरातींचे मेसेज कमी करायला प्रत्येक फोनवरून १९०९ ला 'स्टार्ट ०' हा एसएमएस पाठवा. 'स्टार्ट' इंग्रजी अक्षरांत लिहायचं. मासिक बैठकीला सगळ्या येतात तेव्हाच बसून करून घ्या, इनबॉक्सही तिथेच रिकामा करा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. कागद करतेच आहे, पण 'रद्द'ला नंबर देणार नाही. ४ चा ५ वाचला गेला तर पुन्हा आया डोंगर उतरून येतील. तो शब्द पूर्ण लिहीन. आज असा लिहून पाहिला: «रद्द बुधवार वरचा पाडा लस. शुक्रवारी १० वाजता». ४४ भरला. नऊपैकी सात जणींचे पाठोपाठ मिस कॉल आले. उरलेल्या दोघी नवऱ्याच्या फोनवाल्याच. त्यांच्यासाठी शेजारच्या अंगणवाडी सेविकेचा किंवा दुकानदाराचा नंबर घ्यावा का? कुणी असं केलं असेल तर जरूर लिहा, शुक्रवारच्या आत मला ठरवायचं आहे.