गोळी देण्यापूर्वीची विचारपूस
‘वेदनाशामक गोळीने गुण आला नाही तरी अपाय काय होणार?’ असे अनेकदा ऐकू येते; या विधानाशी मी सहमत नाही. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ‘एपिडेमिक्स’ या ग्रंथात (त्याच्या नावाने डॉक्टर घेतात त्या शपथेत नव्हे, तसा समज रूढ असला तरी) रुग्णाचे हित करावे, निदान अपाय तरी करू नये, असे म्हटले आहे. पंचवटीत राहणाऱ्या माझ्या मधुमेही सासऱ्यांना गुडघेदुखीसाठी वर्षभर डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिले गेले. हे औषध मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करू शकते हे ठाऊक असूनही त्यांची क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ताची) तपासणी एकदाही झाली नाही. पुढे पाय सुजले, बोटाने दाबले की खळगा तसाच राही. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी चालू औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली आणि त्यातली ही गोळी त्याच दिवशी बंद केली.