खंडेनवमीची पूजा, कारखाना आणि आपली साक्ष

भोसरीकर:
सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. मी भोसरीच्या एका कारखान्यात यंत्रविभागात काम करतो आणि यंदा माझी सुपरवायझर म्हणून नेमणूक झाली आहे. खंडेनवमीला यंत्रे पुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा होते आणि नारळ सुपरवायझरने वाढवायचा, असा आमच्याकडचा रिवाज आहे. आजवर मी मागे उभा राहत असे. आता ते चालणार नाही. माझा ख्रिस्ती विश्वास मला लपवायचा नाही. पण ज्या सहकाऱ्यांनी माझ्या वडिलांच्या आजारपणात रुग्णालयात रात्री जागून काढल्या, त्यांच्या श्रद्धेचा मी अनादर केला, असेही त्यांना वाटू नये. अशा वेळी काय करावे?

वानवडीकर:
दादा, बायबलच्या 2 राजे 5 मधला अरामी सेनापती नामान आठवा. राजा रिम्मोन या आपल्या देवाच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही नमावे लागते, त्याची क्षमा असावी, असे तो संदेष्टा अलीशाला म्हणाला आणि अलीशाने त्याला शांतीने जाण्यास सांगितले. अंतःकरण प्रभूचे असेल तर एका नारळाने आपण त्याला दुरावत नाही, असे मला वाटते.

घोरपडीची वाचक:
वानवडीकरांचा आदर राखून सांगते, हे उदाहरण येथे लागू पडत नाही. नामान राजाला आधार देत होता, पूजा राजा करीत होता; येथे मात्र पूजेतले कृत्य स्वतः आमच्या भावाच्या हातून व्हायचे आहे. 1 करिंथकर 10 मध्ये प्रेषित पौलही असाच भेद करतो. कोणी जेवायला बोलावले तर पुढे येईल ते चौकशी न करता खावे, पण मूर्तिपूजेत सहभागी होऊ नये. तेव्हा यंत्रे पुसण्यात, मांडवाच्या कामात, नंतरच्या जेवणात मनापासून सामील व्हावे आणि नारळ मात्र दुसऱ्याच्या हाती द्यावा.

आपल्या पुण्यातच याचा मोठा धडा आहे. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत विधवा व मुलींसाठी काढलेली शाळा, शारदा सदन, पुढच्याच वर्षी पुण्यात आली. तेथे मुलींवर धर्माची सक्ती नव्हती. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि ज्यांना यावेसे वाटे त्या मुली येऊन बसत. यावरून 1893 साली मोठा वाद झाला, सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या, तरी बाईंनी दार लावून घेतले नाही. कोणाला ओढून आणायचे नाही आणि स्वतः लपायचेही नाही, हा मार्ग मला शास्त्राला धरून वाटतो. त्याची किंमत पडते, हेही त्यांच्या चरित्रातून दिसते.

खडकीचे काका:
बेटा, मी कारखान्यातूनच निवृत्त झालो आहे. ऐन पूजेच्या वेळी, सर्वांसमोर नकार देऊ नकोस. चार दिवस आधी साहेबांना एकांतात भेट आणि कारण स्वच्छ सांग. 1 पेत्र 3:15 मध्ये आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगितले आहे, तेही सौम्यतेने. सहकाऱ्यांनी विचारले तर दोन वाक्यांत सांग. कोणाच्या देवाविषयी एक वाकडा शब्द काढू नकोस.

आणखी एक गोष्ट मला नारळापेक्षा मोठी वाटते. पाळी संपत आली की मायक्रोमीटर हे बारीक माप घेण्याचे साधन न लावताच तपासणीच्या तक्त्यात अंदाजाने आकडे भरले जातात, हे तूही पाहिले असशील. आता त्या तक्त्याखाली तुझी सही होणार. खोटा तराजू परमेश्वराला वीट आणतो, असे नीतिसूत्रे 11 मध्ये आहे आणि न मोजता लिहिलेला आकडा हा खोटा तराजूच होय. ज्याची सही वर्षभर खरी असते, त्याचा एका दिवसाचा नकार लोक समजून घेतात. एरवी तो त्यांना ताठाच वाटतो.

भोसरीकर:
आपणा सर्वांचे आभार. मी साहेबांना आधीच भेटेन आणि आमच्या विभागातील सर्वांत जुन्या कामगाराने नारळ वाढवावा, असे सुचवेन. तक्त्याविषयी काकांनी लिहिले ते मात्र आजच्या पाळीपासूनच पाळायला हवे.