दुनळी आणि काडतुसं वर्षभर कोरडी कशी ठेवावीत?

तेरणाकाठ
नमस्कार मंडळी. आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक आहे, पीकसंरक्षणाचा परवाना आता माझ्या नावावर आहे. रानडुकरांच्या वेळी एखादा बार, एवढाच तिचा वापर. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्याकडे कसा पाऊस झाला ते तुम्ही पाहिलंच. तेरणेचं पाणी घरात आलं नाही, पण पांढऱ्या मातीच्या भिंती दोन महिने ओल्या होत्या. दिवाळीत बंदूक काढली तर खटक्याजवळ नारंगी ठिपके. काडतुसांची पितळी बुडं काळी-हिरवी. कागदी काडतुसांतली दोन तर नळीत बसेनातच.

बंदूक माळवदाच्या खोलीत खुंटीला, चामडी म्यानात असते. तिथेच ज्वारीच्या कोठ्या, खताची पोती. काडतुसं पत्र्याच्या ट्रंकेत. मे अखेर लेकीकडे पुण्याला जायचंय, वर्षभर तरी. तोवर काय करू? तेल कुठलं, डबा कुठला, सिलिका जेल किती? आजोबा करडईचं तेल लावायचे.

करडी_माती
करडईचं तेल बंद करा अण्णा. ते हवेत सुकून वार्निशासारखं चिकट होतं, पूर्वी लोक रंगात घालायचे ते उगाच नाही. वरून चकचकीत दिसतं, आत खटक्यात धूळ धरून बसतं आणि एका थंडीत घोडा अडकतो. खोबरेल पण नको. बंदुकीचं तेल मिळतं ते घ्या, नाहीतर शिवणयंत्राचं पातळ तेल चालेल, पण ते दोन-तीन महिन्यांनी परत लावावं लागतं. वर्षभरासाठी वर गंजरोधक ग्रीसचा पातळ थर. जवसाचं तेल फक्त लाकडी दस्त्याला, तेही बोटाला लागेल एवढंच.

निवृत्त_हवालदार
जय हिंद. पहिले मुद्द्याचं. बंदूक बंद घरात वर्षभर सोडून जाऊ नका. भाऊ शेजारी आहे, किल्ली त्याच्याकडे देतो, असं म्हणाल. त्याचं नाव परवान्यात नसेल तर तुम्हीही फसाल आणि तोही. परवानाधारक शस्त्र विक्रेता सुरक्षित ताब्यात ठेवतो, पावती देतो. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या, पोलीस ठाण्याला लेखी कळवा. मुक्काम वर्षभराचा आहे, तेव्हा परवाना देणाऱ्या कार्यालयालाही पत्ता कळवा. परवान्याची मुदत पण बघा. २०१९ च्या दुरुस्तीपासून ती ३ ऐवजी ५ वर्षं झाली, पण ५ वर्षंसुद्धा हां हां म्हणता जातात.

आता सफाई. आधी बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून बघा. रिकामी आहे ही खात्री डोळ्यांनी करायची, आठवणीने नाही. पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, फोर बाय टू इंचाची चिंधी लावून कोरडी ओढा, मग तेलाची, मग परत कोरडी. काळं निघायचं थांबेपर्यंत. ठिपक्यांवर तेल टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी अगदी बारीक तांब्याच्या ब्रशने हलक्या हाताने. सॅंडपेपर लावाल तर निळी चढवलेली कातडी निघून जाईल आणि तिथेच पुन्हा गंजेल. शेवटी सगळं धातू पुसून घ्या आणि नंतर उघड्या हाताने शिवू नका. घामात मीठ असतं. आमच्या हत्यारघरात एका जवानाच्या पंजाचा ठसा तिसऱ्या दिवशी बॅरलवर उमटला होता, बोटं मोजता येतील असा.

कोठारातला_उंदीर
हवालदार काकांनी बाहेरचं सांगितलं, मी खोलीचं सांगतो. खोलीबद्दल कोणी बोलायलाच तयार नाही.

तेरणाकाठ, तुमच्या ज्वारीत सेल्फॉसच्या गोळ्या टाकता ना? त्यातून जो वायू निघतो, फॉस्फीन, तो तांब्या-पितळेला खातो. किडे मरतात, सोबत खोलीतल्या विजेच्या तारा आणि स्विच पण काळे पडतात, माझ्या घरी पडलेत. तुमच्या काडतुसांची बुडं निव्वळ दमटपणाने एवढी काळी पडली असतील असं मला वाटत नाही. दुसरं, युरिया. पोतं ओलं झालं की हळूहळू अमोनियाचा वास येतो. तिसरं, म्हशी त्याच भिंतीला लागून असतील तर मूत आणि शेण आलंच.

एक जुनी गंमत आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची. फौजेला कळेना. शेवटी १९२१ मध्ये शास्त्रज्ञांनी उलगडा केला की घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि घडवताना पितळात राहिलेला ताण, दोन्ही मिळून तडे पडतात. म्हणजे तिथेही पाऊस एकटा गुन्हेगार नव्हता. सिलिका जेल आणाल किलोभर, पण गोठा, खत आणि सेल्फॉस तिथेच राहिले तर काय उपयोग? खोली बदला.

तेरणाकाठ
अरे देवा. म्हशी खरंच त्याच भिंतीला आहेत. गोळ्याही दरवर्षी टाकतो. हे डोक्यातच नव्हतं.

निवृत्त_हवालदार
कोठारातला उंदीर म्हणतो ते बरोबर. एक भर घाला. जुन्या मातीच्या भिंतीला लोणा लागतो, तो क्षार आहे. खुंटीला टेकलेली नळी त्या क्षाराला लागते आणि तेवढ्याच जागी आधी गंजते. आणि ते चामडी म्यान लगेच काढा. प्रवासाला ठीक, मुक्कामाला नाही. चामडं पाणी शोषतं, ते कमवताना वापरलेले क्षार आणि आम्ल त्यातच राहतात. फोमवाली बॅग पण तशीच. कपाटात उघडी ठेवायची, नळीचं तोंड खाली करून, म्हणजे तेल दस्त्यात उतरत नाही. तेल पिऊन पिऊन दस्ता मऊ झालेल्या बंदुका मी बघितल्यात.

नळीत कापडाचा बोळा कोंबू नका. ओलावा धरतो आणि एके दिवशी माणूस विसरतो.

दुनळी_७०
बोळ्यावरून आठवलं. माझ्या चुलत्यांच्या बंदुकीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, नळीच्या आत, मधोमध. बोळा नव्हता, उघडीच खुंटीला होती. कोणी न बघता बार टाकला असता तर नळी फुटून हात गेला असता. तेव्हा वर्षभराने काढाल तेव्हा आधी प्रकाश दिसतो का बघा. तोंडाला पातळ जाळी बांधली तर बरं.

आजोबांची बंदूक जुनी विलायती असेल तर चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, ६५ मिलीमीटरचं असू शकतं. आताची काडतुसं बहुतेक ७० ची येतात. ती आत बसतात, पण बार होताना तोंडाचा दुमडलेला कागद वा प्लास्टिक उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. नळीवरचे शिक्के एखाद्या चांगल्या कारागिराला दाखवा. हे विचारलं नव्हतं, पण सांगून ठेवतो.

करडी_माती
काडतुसांबद्दल. त्यांना तेल लावू नका, कितीही मोह झाला तरी. तेल बुडातल्या ठिणगीच्या टोपीच्या कडेने आत शिरतं आणि दारू-टोपी निकामी करतं. स्प्रे तर अजिबात नको, तो पाणी बाहेर ढकलण्यासाठी इतका पातळ बनवलेला असतो की कुठेही घुसतो. कोरड्या फलालीनने पुसा, बस. फुगलेली दोन कागदी काडतुसं ठोकून बसवायचा प्रयत्न करू नका. बुडावर हिरवं पावडरीसारखं फुललंय त्यांचाही भरवसा नाही. ओल धरलेली दारू अर्धवट जळते, गुट्टी (दारू आणि छर्‍यांमधला बोळा) नळीतच राहते आणि पुढचा बार त्या गुट्टीवर जातो. खराब झालेली विहिरीत टाकू नका, चुलीत तर नकोच. मोजून विक्रेत्याकडे वा ठाण्यात द्या आणि नोंद करून घ्या.

बाकीच्यांसाठी रबरी कडा असलेला घट्ट डबा, प्लास्टिकचा चालतो. नवीन काडतुसांच्या खोक्यावर खरेदीचा महिना लिहा, जुनी आधी वापरा. आणि डबा पत्र्याच्या शेडमध्ये नको. आपल्याकडे मेमध्ये ४३-४४ अंश बाहेर असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त. उष्णतेने दारू म्हातारी होते. घरातली मधली, थंड खोली, कुलूप, बंदुकीपासून वेगळं, लेकरांच्या हाताबाहेर.

गोदाकाठ_परभणी
सिलिका जेल मी वापरतो. निळे दाणे गुलाबी झाले की ओले. ११०-१२० अंशाला ओव्हनमध्ये दोन-तीन तास ठेवले की परत निळे होतात. पण स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. नारंगी दाणे मिळतात, ते घ्या. ओव्हन नसेल तर सरळ नवीन पुड्या आणा, महाग नाहीत. आतलं आर्द्रतेचं प्रमाण बघायला छोटा डायल मिळतो, तो टाका. ४० ते ५० टक्के चांगलं. ६० च्या पुढे गेलं की गंज धरायला लागतो. २० पर्यंत खाली आणायच्या नादी लागू नका, दस्ता तडकेल. माझ्या घरी चैत्रात तडकला, त्यात सिलिका जेलचा काही दोष नाही, आपला उन्हाळाच तसा.

मुख्य म्हणजे डबा कधी बंद करता त्यावर सगळं आहे. आषाढात भरून सील केला तर आषाढाची हवाच आत कोंडली. पापड-कुरडया जशा मृगाच्या आधी डब्यात जातात, तसंच हे. मेच्या कोरड्या दुपारी भरायचं.

तेरणाकाठ
सगळ्यांचे आभार. विक्रेत्याशी बोललो, वर्षभर ठेवायला तयार आहे. म्हणाला, आधी साफ करून आणा, माझ्याकडे साफसफाई होत नाही. एक शंका: गेल्या निवडणुकीत ठाण्यात जमा केली होती, परत मिळाली तेव्हाच थोडी गंजलेली होती. विक्रेत्याकडे तसं झालं तर?

निवृत्त_हवालदार
देताना दोन्ही बाजूंनी, खटक्याचे, नळीच्या तोंडाचे आणि नंबरचे फोटो काढा, तारखेसह. पावतीवर 'सुस्थितीत' लिहून घ्या. ग्रीस जरा जास्त लावा, नंतर पुसून काढता येतं. दर तीन महिन्यांनी पुण्याहून येणं-जाणं असेल तर एकदा बघून या, उघडून, तिथेच चिंधी फिरवून.

तेरणाकाठ
ठरलं. या रविवारी सफाई, काडतुसं मोजणी. फुगलेली दोन आणि हिरवी पाच वेगळी काढली, ती ठाण्यात नेतो. आईनं कुरडयांचा गहू भिजत घातलाय, ती म्हणते तुझा डबा पण त्याच उन्हात ठेव. डबा रिकामाच उन्हात ठेवणार, काडतुसं सावलीत भरणार, हे तिला पटवायला अर्धा तास गेला. खुंटीला आता बैलाची मोरकी टांगलीय.

दुनळी_७०
शिक्के बघितले का?

तेरणाकाठ
बघितले. चष्मा लावूनही वाचता येईनात, गंजाखाली गेलेत. सोमवारी कारागिराकडे.