मंगळाचं सोडा, आधी आमच्या कूलरची टाकी पाहा

तर्रीबाज: सकाळी एकाने इथं ठोकून दिलं, "पृथ्वीबाहेर जंतूही टिकत नाही, विषय संपला." काहून संपला बाप्पा? डायनोकॉकस नावाचा जिवाणू १९५६ मध्ये सापडला तोच मुळी डबाबंद मांसात, गॅमा किरणं मारूनही ते नासलं म्हणून. जपान्यांनी त्याचे वाळवलेले गोळे अंतराळ स्थानकाच्या बाहेर तीन वर्षं ठेवले. वरचा थर मेला, त्याच्या आडोशाला खालचे वाचले. आणि तेवढं लांब कशाला जाता? आमचा कूलर जूनपासून ताडपत्रीत गुंडाळलेला, टाकी ठणठणीत कोरडी. मार्चमध्ये पाणी भरलं अन् चौथ्या दिवशी वळवळ सुरू!

मानेवाड्याचे मास्तर: त्या डासाच्या अळ्या आहेत भाऊ. एडिस म्हणजे डेंग्यूवाला डास, त्याची अंडी टाकीच्या कडेला चिकटतात, कित्येक महिने कोरडी राहतात, पाणी लागलं की फुटतात. पण पाणी *लागलं*! मंगळावर हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहून कमी. बादलीभर पाणी ओता, काही उकळून उडेल, उरलेलं गोठेल. वर मातीत परक्लोरेट नावाचे जंतूंना मारक क्षार, फिनिक्स यानाला २००८ मध्येच सापडलं. तुमचे ते गोळे तीन वर्षं नुसते पडून होते. पडून राहणं म्हणजे संसार नव्हे.

तर्रीबाज: संसाराचं कोण बोललं? मी "टिकतो" म्हणालो. शाळेतही असंच प्रश्न न वाचता मार्क कापायचे का?

निशिगंधा: दोघंही थांबा. चौथ्या दिवशी अळ्या दिसल्या आणि तुम्ही ते कौतुकाने सांगताय? आमच्या वरच्या मजल्यावरच्यांनी पावसाळाभर कूलरमधलं पाणी काढलं नाही. सप्टेंबरात पोराला डेंग्यू, प्लेटलेट चाळीस हजार. सहा रात्री खुर्चीवर काढल्या मी.

तर्रीबाज: ताई, वाईट झालं. पण इथं विश्वाचा विषय चालू आहे.

निशिगंधा: विश्व गेलं चुलीत. टाकी घासली का?

खसवाला: वूड वूलचे पॅड काढा, हनीकोंब लावा. गाळ कमी.

तर्रीबाज: हनीकोंबला वाळ्याचा वास येतो का बे?

खसवाला: वास घेत बसा, मग अळ्याही पाळा.

*(पुढच्या एकवीस प्रतिक्रिया पॅडवर.)*

बुलढाण्याची सून: आमचं लोणार विसरलात? एवढं खारं, अल्कधर्मी पाणी, तरी २०२० च्या जूनमध्ये त्यातल्याच सूक्ष्मजीवांनी गुलाबी केलं. आणि नारळीकरांच्या गटाचा बलून? २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेला, ४१ किलोमीटरपर्यंतची हवा आणली, तीन नव्या जिवाणू प्रजाती निघाल्या.

मानेवाड्याचे मास्तर: नारळीकरांबद्दल आदरच आहे. पण वर सापडले म्हणजे अंतराळातूनच आले असं नाही. धुळीसोबत खालूनही चढतात. आणि लोणारला पाणी आहे हो, पाणी!

तर्रीबाज: मंगळाच्या जमिनीखाली, किरणांपासून लांब, ओल असेल तर?

मानेवाड्याचे मास्तर: तर... नाही म्हणणार नाही. शनीच्या एन्सेलाडस चंद्राचं नाव घेतलं असतं तर भांडलोच नसतो. बर्फाखाली समुद्र, कॅसिनी यानाला फवाऱ्यात हायड्रोजनही मिळाला, म्हणजे जंतूंना खाद्य होऊ शकेल असा. तुम्ही कूलर घेऊन आलात.

तर्रीबाज: म्हणजे जिंकलो.

मानेवाड्याचे मास्तर: "टिकतो" एवढ्या एका शब्दापुरते. घ्या, अर्धा मार्क.

तर्रीबाज: आणि ताई, टाकी रविवारी घासतो. पक्कं.

निशिगंधा: आज मंगळवार आहे. रविवारपर्यंत त्या उडून जातील.