मदत हवी आहे: आईच्या गुडघ्यांना आणि मला घाटात, दोन्हीकडे चालेल अशी गाडी

नमस्कार मंडळी,

शीर्षक वाचून हसू नका, प्रश्न खरोखर तेवढाच आहे.

घरी २००८ची स्विफ्ट आहे, जुनी १.३ लिटरवाली. ताकद ८७ पीएस (अश्वशक्ती), वजन हजार किलोच्या आसपास. पंधरा वर्षं भरल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलं, म्हणजे कागदोपत्री २०२८पर्यंत चालेल. पण एसी लावून पाच जण बसलो की पिरंगुटचा घाट दुसऱ्या गिअरवर कुंथत चढते. मागे बसलेल्या मुलाचे गुडघे माझ्या पाठीत रुततात. आणि बायको म्हणते, एअरबॅग नसलेल्या गाडीत पोरांना बसवणं आता पुरे. हे मात्र मला खोडता येत नाही.

रोज कोथरूड ते खराडी, एका बाजूला तास-सव्वा तास. महिन्यातून एकदा चिपळूण (सासुरवाडी), पाटण-कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरून. आणि वर्षातून दोन-तीनदा ताम्हिणी घाट, काहीही कारण नसताना. बजेट ऑन-रोड १५ लाख, फार ताणलं तर १६.

जो भेटतो तो म्हणतो, एसयूव्ही घे. उंच बसायला मिळतं, खड्ड्यांची चिंता नाही, आईंना चढाउतरायला सोपं. तीन एसयूव्ही चालवून आलो. गाड्या वाईट नाहीत. पण वळणावर आधी चाकं वळतात, मग वरचा डोलारा वळतो, आणि मधल्या वेळात आपण स्टिअरिंग धरून नुसतं वाट बघायची. स्क्रीन मात्र हॉलमधल्या टीव्हीएवढा.

० ते १०० किती सेकंदांत, याचं मला काही पडलेलं नाही. एक्सप्रेसवेवर मर्यादाच १००ची, घाटात ६०ची. मला मजा येते ती ताम्हिणीत चाळीस-पन्नासच्या वेगात: वळणाआधी ब्रेक, एक गिअर खाली, आणि पुढच्या टायरचं काय चाललंय ते हाताला कळतंय. स्विफ्ट हे आजही करते, कारण ती हलकी आहे. नव्या गाड्यांत ताकद दुपटीकडे गेलीय, पण हाताला काही कळेनासं झालंय.

चालवलेल्यांपैकी फोक्सवॅगनच्या व्हर्टस १.५ जीटीने झोप उडवली. १५० पीएस, २५० एनएम टॉर्क (म्हणजे ओढ), डिकी ५२१ लिटर. सेडान असून ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची) १७९ मिमी, त्यामुळे सोसायटीच्या स्पीडब्रेकरचंही भय नाही. पण नवी बजेटबाहेर, आणि आई आत बसल्यावर म्हणाली, "विहिरीत उतरल्यासारखं वाटतंय रे." ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन (१२० पीएस, सहा गिअर मॅन्युअल) मला आवडली, पण सस्पेन्शन कडक आहे. मागच्या सीटवरून बायकोने एकदाच "हं" म्हटलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्या "हं"चा अर्थ मला कळतो.

तर एसयूव्ही, व्हर्टस आणि आय-ट्वेंटी यांच्या मधलं काही आहे का? मॅन्युअल हवी, पण रोजच्या ट्रॅफिकसाठी ऑटोमॅटिक सुचवलीत तरी ऐकेन. जुनी, एक हात वापरलेलीही चालेल.

---

घाटमाथा:
स्कोडाची स्लाविया १.५ मॅन्युअल वापरलेली बघा. इंजिन व्हर्टस जीटीचंच. व्हर्टसच्या १.५ला मॅन्युअल २०२३मध्ये आली, स्लावियाला २०२२पासूनच होती, त्यामुळे जुन्या बाजारात ती आधी सापडेल. फक्त एप्रिल २०२३ नंतर बनलेलीच धरा, ती ई२०ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चालते, आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. आणि डीएसजीच्या (यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) मोहात पडू नका. या १.५ला ड्राय क्लच आहे, म्हणजे तेलात न बुडालेला. इंच-इंच सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तो अर्धवट घासत राहतो आणि तापतो. घेतलीच तर पुढे थोडी जागा मोकळी होऊ द्यायची आणि मग एकदम सोडायची, रांगत राहायचं नाही. खराडीच्या रस्त्यावर ती मोकळी जागा रिक्षावाले तुमच्यासाठी ठेवतील का, हा वेगळा विषय.

टीकोजीराव:
एसयूव्ही घ्या हो. चाळिशीनंतर वळणं घ्यायची नसतात, सोसायची असतात.

दुसरा गिअर:
टीकोजीराव, तुम्ही बसा.
ताई म्हणून सांगते, दादा, तुम्ही शोधताय चुकीच्या टोकाने. "स्विफ्ट हलकी आहे म्हणून मजा येते" हे तुम्हीच लिहिलंय, मग साडेबाराशे किलोची सेडान कशाला? मारुतीच्या फ्रॉन्क्सची १.० टर्बो मॅन्युअल चालवून बघा. १०० पीएस आणि १४८ एनएमच्या जवळपास, वजन तुमच्या स्विफ्टइतकंच, ग्राउंड क्लिअरन्स १९० मिमी. दिसायला एसयूव्ही, म्हणजे घरचे खूश. आतून बलेनो हॅचबॅकची भावंड, म्हणजे वळणावर डोलत नाही. स्टिअरिंग जरा पोकळ वाटेल, ते खरं. आणि १८०० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खाली टर्बो झोपलेला असतो, तेव्हा सिग्नलला दुसऱ्यात आळस केलात तर मागचा हॉर्न वाजवणार.
पैशाचंही गणित आहे. चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी १८ टक्के, त्यापुढच्यांना ४०. वाचलेल्या पैशातून चांगले टायर घाला. गाडीचं वळण अर्धं टायरमध्ये असतं, लोक ते शेवटी बघतात.

सांधेदुखी_एक्सपर्ट:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, गाड्यांतलं कळत नाही, गुडघ्यांतलं कळतं. "उंच गाडी बरी" हे अर्धंच खरं. फार उंच सीटवर चढतानाही गुडघ्यावर तेवढाच भार येतो. बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहिली पाहिजे, पाय जमिनीवरून फार उचलावा लागू नये, आणि दार पूर्ण उघडलं पाहिजे. आईंना आधी पाठ करून बसू दे, मग दोन्ही पाय एकत्र आत घेऊ दे. टाटाच्या अल्ट्रोजची दारं काटकोनात उघडतात, माझे दोन-तीन पेशंट त्याचं कौतुक करतात.

घाटमाथा:
मग तिचीच जोरदार आवृत्ती, अल्ट्रोज रेसर! १२० पीएस, सहा गिअर, फक्त मॅन्युअल. वापरलेली मिळाली तर बजेटात बसून टायरचेही पैसे उरतील.

गॅरेजबॉय:
कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. स्विफ्ट विकू नका. पुढच्या चाकांच्या लोअर आर्मचे रबरी बुश, चारही शॉकअप आणि टायर नवे टाका, ताम्हिणीला एकट्याने ती काढा. घरच्यांसाठी काहीही घ्या. एका गाडीत दोन माणसांची हौस कोंबायला गेलं की दोघंही कुरकुरतात.

---

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. गॅरेजबॉय, पार्किंग एकच आहे हो, नाहीतर हा धागाच निघाला नसता.

काल आईला घेऊन दोन शोरूम झाली. फ्रॉन्क्समध्ये ती कोणाचा हात न धरता बसली आणि उतरली, त्यामुळे घरात मतदान संपल्यासारखंच आहे. अल्ट्रोजचं दार तिला इतकं आवडलं की तिने ते तीनदा उघडून-मिटून पाहिलं, सेल्समन जरा घाबरला. मला मात्र फ्रॉन्क्सची टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर दीड किलोमीटर दिली आणि "सर, घाटाची परवानगी नाही" म्हणाले.

तर आता नवा प्रश्न: कोथरूड-बावधनकडे कोणाकडे फ्रॉन्क्स टर्बो मॅन्युअल आहे का? रविवारी सकाळी सहाला पिरंगुटपर्यंत शेजारच्या सीटवर बसवून न्या. पेट्रोल माझं, परत येताना मिसळही माझी.