‘नॉटपेड’ पत्र आणि पोस्टाचं ‘तिकीट’

प्रश्न : ‘पत्र नॉटपेड आलं, दुप्पट पैसे भरून सोडवून घेतलं’ असं जुन्या मंडळींच्या बोलण्यात असायचं. अर्थ कळतो. पण पैसे न भरलेल्या पत्राला वेगळं नाव पडावं असं त्यात काय होतं? आणि दुप्पट का?

उत्तर : कारण पैसे आधी भरण्याचा नियम होण्यापूर्वी बहुतेक पत्रं ‘नॉटपेड’च असायची! हा नियम ब्रिटनमधून आला. १८३७ साली व्हिक्टोरिया गादीवर आली तेव्हा तिथे टपालाचे पैसे साधारणपणे पत्र घेणारा देत असे. दर ठरे अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. लंडनहून एडिंबरोला एका कागदाचं पत्र पाठवायचं तर एक शिलिंगाहून, म्हणजे बारा पेन्सांहून, जास्त. मजुराच्या घरी असं पत्र आलं की ते घ्यावं की परत करावं, हा खरोखरचा पेच असे. उलट पार्लमेंटच्या सभासदांना स्वतःच्या सहीवर फुकट टपालाची सवलत होती. ज्यांना परवडत होतं त्यांनाच सूट, हे मला त्या व्यवस्थेतलं सर्वांत बोचणारं अंग वाटतं.

टपालसुधारक रोलंड हिल यांनी १८३७ मध्ये पुस्तिका काढून दाखवून दिलं, की खरा खर्च पत्र दूर नेण्याचा नसतो. तो प्रत्येक पत्राचा हिशेब ठेवण्याचा आणि दारोदारी पैसे वसूल करण्याचा असतो. पैसे आधीच घेतले तर हा सगळा खटाटोप वाचतो. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला देशात कुठेही एक पेनी असा दर झाला. पैसे न भरता टाकलेल्या पत्राला मात्र दोन पेन्स. तुमच्या ‘दुप्पट’चं मूळ हे. सभासदांची सवलतही त्याच दिवशी गेली. १८३९ मध्ये सुमारे साडेसात कोटी पत्रं गेली होती, १८४० मध्ये जवळजवळ सतरा कोटी.

आधी पैसे भरणं हा नियम झाला, तेव्हा न भरलेलं पत्र अपवाद ठरलं, आणि अपवादालाच नाव लागतं.

दुसरं उत्तर : यात ‘तिकीट’ही घ्यायला हवं. आपण गाडीचंही तिकीट म्हणतो आणि पोस्टाचंही. इंग्रजीत ते दोन शब्द आहेत. पोस्टाच्या तिकिटाला तिथे ‘स्टँप’, म्हणजे मुळात शिक्का. हिल यांच्या वर्णनातही शिक्का मावेल एवढा कागदाचा तुकडा आणि पाठीला चिकट लेप, असंच होतं. त्यांच्या लेखी महत्त्व शिक्क्याला होतं, कागद नुसता त्याला धरायला. मराठीने नेमका तो कागद पाहिला : पैसे भरल्याची चिठ्ठी, म्हणून तिकीट. ‘शिक्का’ आपण पोस्टात नंतर मारतात त्याला ठेवला आणि ‘स्टँप’ कोर्टकचेरीच्या कागदाकडे गेला. मला ही वाटणी इंग्रजीपेक्षा नेटकी वाटते.

पहिलं तिकीट, काळं ‘पेनी ब्लॅक’, १ मे १८४० ला विक्रीला आलं आणि ६ मेपासून चालू झालं. त्यावर तरुण राणीचा मुखवटा आहे, देशाचं नाव नाही. ब्रिटनच्या तिकिटांवर ते आजही नसतं. कडेला भोकं नव्हती, कात्रीने कापून घ्यावं लागे. काळ्यावर लाल शिक्का नीट उठेना आणि पुसताही येई, म्हणून १८४१ मध्ये तिकीट लाल केलं आणि शिक्का काळा.

पुन्हा प्रश्न : आणि ‘पाकीट’?

उत्तर : कागद मोजून पैसे लागत तोवर पाकीट म्हणजे आणखी एक कागद, म्हणजे आणखी पैसे. म्हणून लोक पत्राचाच कागद दुमडून लाखेने बंद करत. काही जण लिहिलेलं पान आडवं फिरवून त्याच ओळींवरून पुन्हा लिहीत. दर वजनावर गेल्यावर पाकिटं सर्रास झाली.

आपल्याकडचा दुवाही सांगतो. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथले कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी १८५२ मध्ये अर्ध्या आण्याचं तिकीट काढलं, आशियातलं पहिलं. १ ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानभर पाव तोळ्याच्या पत्राला, अंतर कितीही असो, अर्धा आणा झाला.