बातम्या बंधाऱ्यापासून सुरू होतात
आईच्या फोनवर फक्त मयत आणि लग्नं कळतात, हे म्हणणं कोल्हापुरात जुलैमध्ये तरी लागू होत नाही. आमची आई अमेरिकेतल्या मामाला व्हॉइस मेसेज पाठवते, त्याची सुरुवातच पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीपासून. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे मामालाही तोंडपाठ. मग राधानगरी धरणाच्या ७ स्वयंचलित दरवाज्यांपैकी किती उघडले, मच्छिंद्री झाली का (म्हणजे पुराचं पाणी शिवाजी पुलावरच्या माशाच्या खुणेला लागलं का), शुक्रवार पेठेतल्या काकूंनी फ्रीज माडीवर नेला का. (नेला. पाऊस लागला की नेतातच.) सख्ख्या भाचीचा साखरपुडा मात्र शेवटी, तोही "ठरलं बाई एकदाचं" एवढ्यावर. त्यावर मामाचं उत्तर, "आक्का, पन्हाळा रोड चालू हाय न्हवं?" तिकडं बसून ह्याला पन्हाळ्याला कशाला जायचंय, देव जाणे!